दोन मे महिने

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत २० सप्टेंबर २०२१ रोजी मालवण तालुक्यातल्या गटांसमोर केलेलं बोलणं. ज्या ताई येऊ शकल्या नाहीत त्यांना वाचता यावं म्हणून थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे.)



काल अनंत चतुर्दशी झाली. मखर अजून तसंच असेल, चाकरमानी परतीच्या गाडीत असतील, आणि घरात चादरींचा ढीग धुवायचा पडलेला असेल. तरीही तुम्ही आलात. मास्क लावून, लांब लांब बसून का होईना, एकमेकींचे निदान डोळे तरी दिसतायत. गेल्या दीड वर्षात आपली ही सभा किती वेळा झाली ते मी काल रजिस्टर काढून मोजलं. आकडा सांगत नाही. माझी मलाच लाज वाटली.

आज मला तुमच्याशी एका हिशोबाबद्दल बोलायचं आहे. कोरोनाच्या बंदीने आपलं काय गेलं, आणि जे गेलं ते कुठे लिहिलं गेलं, याचा हिशोब.

टीव्हीवर म्हणतात, पर्यटन व्यवसायाला फटका बसला. बरोबर आहे. पण पर्यटन व्यवसाय म्हटलं की कॅमेरा कोणाकडे जातो? हॉटेलमालकाकडे, बोटवाल्याकडे, स्कूबा डायव्हिंगवाल्याकडे. आता मला सांगा, तारकर्लीला उतरलेला पाहुणा सकाळी घावणे खातो ते कोण घालतं? किल्ला बघून जेट्टीवर परत आला की सोलकढी कोणाच्या हातची पितो? त्याच्या खोलीची चादर कोण बदलतं, सुरमई कोण साफ करतं, जाताना तो मालवणी मसाला आणि आगळ नेतो ते कोणी केलेलं असतं? दांडीपासून देवबागपर्यंत चालत जा, दर दुसऱ्या घरात आपल्या गटाची एक बाई हे करते. पण तिला विचारलं, ताई काय करता, तर उत्तर येतं, "काय नाय गो, घराकच असतंय."

मी घाटावरची. इथे नोकरीला आले तेव्हा मला वाटायचं, पर्यटनाचं गाव म्हणजे बारा महिने पैसा. इथल्याच एका काकींनी मला समजावलं की तसं नसतं. पाऊस लागला की समुद्र बंद. वॉटर स्पोर्ट्स मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत बंद, जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्याची होडी बंद. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर हे चांगले दिवस. पण खरा महिना मे. शाळांना सुट्ट्या, मुंबई-पुणे-कोल्हापूरची माणसं कुटुंबासह येतात, आठवडाभर राहतात. त्या एका महिन्यात जे हातात येतं त्यावर पावसाळ्याची बेगमी भरायची, भाताचं बियाणं-खत घ्यायचं, जूनमध्ये मुलांची वह्या-पुस्तकं आणि फी द्यायची, आणि गणपतीला थोडं मागे ठेवायचं. म्हणजे मे महिना गेला तर ३१ दिवस जात नाहीत, सप्टेंबरपर्यंतचं सगळं जातं. आपले तर एकापाठोपाठ दोन मे गेले.

शहरातल्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं, दोन महिने बंद होतं, मग उघडलं, झालं.

२०२० चा मार्च आठवा. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन. शिगमा नुकताच संपला होता, एप्रिल-मेची बुकिंगं आली होती. काहींनी ॲडव्हान्स घेऊन त्यातून मिरची, धणे भरून ठेवले होते. आठ दिवसांत सगळ्यांचे फोन: बुकिंग रद्द, पैसे परत करा. आता मिरची कोणाला परत करणार?

आणि एक विचित्र गोष्ट झाली. ज्या पाहुण्यांवर आपलं घर चालतं, त्याच पाहुण्यांची आपल्याला भीती वाटायला लागली. वाडीच्या तोंडावर बांबू आडवे पडले. नुसते परके पर्यटक नाहीत, घरची माणसं आली तरी धडकी भरायची. मे महिन्यात मुंबईहून मुलगा आला आणि त्याला शाळेत १४ दिवस क्वारंटाइन केलं, आई रोज डबा फाटकाशी ठेवून लांब उभी राहायची. असं या सभागृहात किमान चारजणींच्या घरी झालं आहे. येणाऱ्याचं स्वागत करायची या गावाची रीत, आणि आपण आपल्याच मुलाला म्हणालो, येव नको. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये. गावात एकच दवाखाना आणि घरात म्हातारी माणसं, घाबरणारच.

सरकारकडून काही आलं, ते नाकारायचं नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळालं. महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून तीन महिने ५०० रुपये आले. बँकेसमोर खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे रांगा लागल्या ते तुम्हाला आठवत असेल. ज्यांचं खातं जनधनचं नाही, साधं बचत खातं आहे, त्यांना ते ५०० पण नाहीत. खात्याचे असे दोन प्रकार असतात हे बऱ्याच जणींना तेव्हाच कळलं.

आता जरा अवघड गोष्ट. ही मी एका ताईंची परवानगी घेऊन सांगते. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलंय, नाव घेणार नाही. पण त्यांच्या गोष्टीत चूक माझी आहे, म्हणून सांगायलाच हवी.

एप्रिल २०२० मध्ये मी माझ्या गावी अडकले होते. जिल्हाबंदी होती. काम सगळं फोनवर. आमच्याकडूनही विचारणा व्हायची, परतफेड किती टक्के, कोणता गट मागे पडला. या ताई घरी चारजणांची खानावळ आणि सीझनला दोन खोल्या चालवायच्या. गटातून बँकेच्या कर्जातले पैसे घेतलेले. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइक नाय, हप्तो खयसून भरू?" मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "ताई, तुमच्या एका हप्त्यामुळे गटाचं ग्रेडेशन खाली येईल, पुढचं कर्ज मिळणार नाही, बाकीच्या नऊजणींचा विचार करा." एकदा नाही, तीनदा फोन केला. चौथ्यांदा त्यांनी उचलला नाही. पण हप्ते आले. एप्रिलचा, मेचा, जूनचा. मी मनात खूश. अहवालात लिहिलं, नियमित.

जूनच्या शेवटी मी परत आले, तेव्हा त्यांच्या घरी गेले. कानात कुड्या नव्हत्या. आईकडून आलेल्या कुड्या. शेजारच्या वाडीत एकाकडे गहाण ठेवून माझे तीन हप्ते भरले होते.

ताईंनो, त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला सांगितलं होतं की बँका तीन महिने हप्ता पुढे ढकलू शकतात. मग मे महिन्यात ती सवलत आणखी तीन महिने वाढली, ३१ ऑगस्टपर्यंत. म्हणजे बँकेत एक अर्ज गेला असता, किंवा मी शाखेत एक फोन केला असता, तर त्या ताईंना त्या तीन महिन्यांत हप्ता भरायची गरजच नव्हती. मी बातमी वाचली होती. पण बचत गटाच्या कर्जाला ती लागू होते की नाही हे मला नक्की माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी, तिला कसं माहीत नाही!

त्यातही एक खोच होती, तीही समजून घ्या. हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. समजा २० हजार बाकी आहे आणि व्याज वर्षाला १२ टक्के, तर महिन्याला २०० रुपये. सहा महिने हप्ता नाही भरला तर १,२०० रुपये अंगावर चढले. तरी कुड्या गहाण ठेवण्यापेक्षा १,२०० रुपये बरे, असं मला आज वाटतं. पण हा निर्णय त्या ताईंनी करायचा होता, दोन्ही बाजू ऐकून. मी त्यांना एकच बाजू ऐकवली, ती पण धमकीसारखी.

आपण पंचसूत्री म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, आणि लेखे. त्या काळात सरकारी नियमाने बैठक बंद झाली, कारण माणसं जमवायला बंदी. आणि आम्ही बाकी चार सूत्रं तशीच चालू ठेवायला निघालो. बैठक नसताना परतफेड मागितली की ती वसुली होते. बैठकीत ती बाई बसली असती तर बाकीच्यांनी तिचा चेहराच बघितला असता, कोणीतरी म्हटलं असतं, राहू दे गो या महिन्याला. फोनवर चेहरा दिसत नाही. आणि फोन तरी कोणाचा? घरात एक मोठा फोन, तो दिवसा मुलांच्या ऑनलाइन वर्गाला, संध्याकाळी नवऱ्याकडे. व्हॉट्सॲपवर बैठक घेऊ म्हणून आम्ही ग्रुप काढला, त्यात अर्ध्या नंबरांवर पुरुषच 'ओके' पाठवत होते. हसू नका, खरंच सांगते.

मग ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० ला पर्यटन उघडलं. दिवाळीनंतर अशी गर्दी झाली की चिवल्याच्या किनाऱ्यावर गाडी लावायला जागा नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. जानेवारीत गटांनी भराभर कर्ज घेतलं. खोलीला रंग, दोन गाद्या, फ्रीज, एकीने डीप फ्रीजर घेतला. मीच फॉर्म भरले. आणि एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद. दुकानं सकाळी ७ ते ११. आपल्या एक मासेविक्रेत्या काकी पोलिसाला म्हणाल्या, होड्या दुपारनंतर लागतत, मी ७ ते ११ काय इकू? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्याचंही बरोबर, त्याने नियम केला नव्हता. वर १६ मेला तौक्ते वादळ. माडं पडली, कौलं उडाली, कितीतरी दिवस वीज नाही. त्या डीप फ्रीजरमधला सगळा माल काढून पुरावा लागला. कर्ज मात्र फ्रीजरसकट उभं आहे.

आता मी मूळ मुद्द्याला येते. नोंद.

वादळानंतर पंचनामे झाले. घर किती पडलं, होडी, जाळी, माडं-आंबे किती गेले. हे सगळं कोणाच्या नावावर? तुम्हाला माहीत आहे. फ्रीजरमधली सुरमई, वाळत घातलेलं सुकट, भिजलेला मसाला, रद्द झालेल्या ऑर्डरी, यांना कागदावर रकानाच नव्हता. त्याआधी एप्रिलमध्ये राज्य सरकारने निर्बंधांच्या काळासाठी १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. कोणाला? नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले. शब्द बघा, नोंदणीकृत. आपल्या किती बायका त्यात बसल्या? मी दोन ग्रामसंघांत विचारलं. हात वर झाला नाही. पाहुण्यांच्या खोल्या झाडणारी, खानावळीत भाकरी थापणारी, किनाऱ्यावर खाजा विकणारी, यांचं काम बंद झालं हे कुठल्याच कागदाला माहीत नव्हतं, कारण ते चालू होतं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. न्याहारी-निवासाची नोंद असते ती सुद्धा बहुतेक घरी नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावाने.

मी नवऱ्यांविरुद्ध बोलत नाहीये. त्यांच्याही होड्या उलट्या पडून होत्या. पण मदत मोजताना ज्याचं नाव आहे तोच मोजला जातो, एवढंच मला दिसलं.

गेल्या महिन्यात, २६ ऑगस्टला, केंद्र सरकारने ई-श्रम नावाची नोंदणी सुरू केली. असंघटित कामगारांसाठी आहे, वय १६ ते ५९. घरकाम करणारी, मासे विकणारी, दुसऱ्याकडे स्वयंपाकाला जाणारी, शेतमजूर, सगळ्या बसतात. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक पासबुक घेऊन सीएससी केंद्रावर जायचं, नोंदणीला फी नाही. सोबत अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाखांचा. कार्ड काढलं की लगेच खात्यात पैसे येतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं काही नाही. पण पुढच्या वेळी कोणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर उत्तर कागदावर असेल. फॉर्ममध्ये व्यवसाय विचारतात, तिथे "गृहिणी" सांगून परत येऊ नका, एवढीच माझी विनंती.

ज्या मसाला, आगळ, लाडू विकतात आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत आहे (आपली सगळ्यांची आहे, काळजी नको), त्यांना अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत स्वतःच्या नावाने करता येते. उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट. यासाठी कोणी एजंट हजार रुपये मागत असेल तर आधी मला फोन करा. आणि मला माहीत नसेल तर मी आता माहीत नाही असंच सांगेन, विचारून कळवीन.

दुसरी गोष्ट तातडीची आहे, लसीची. १५ ऑगस्टपासून हॉटेल-रेस्टॉरंट रात्री १० पर्यंत आणि निम्म्या क्षमतेने चालू आहेत, पण तिथे काम करणाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले हवेत. आपल्याकडे बहुतेकींना कोविशील्ड मिळते, दोन डोसमध्ये सध्या ८४ दिवसांचं अंतर. आता बोटं मोजा. आज पहिला डोस घेतला तर दुसरा १३ डिसेंबरला. त्यावर १४ दिवस म्हणजे २७ डिसेंबर. नाताळ गेला. आणि म्हाळ होऊ देत, नवरात्र होऊ दे, मग घेऊ, असं म्हणालात तर सगळा हिवाळी सीझन दारातून बघावा लागेल. मालक म्हणेल, सर्टिफिकेट असलेली आण. तो दुसरी बाई ठेवेल, त्यालाही तपासणीची भीती आहे.

पाळीच्या दिवसांत घेऊ नये, मूल होत नाही, अंगावरचं दूध आटतं, असं सगळं मी वाड्यावाड्यांत ऐकलंय. पाळीत लस घेता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला मेपासून परवानगी आहे, गरोदर बाईला जुलैपासून. ताप आला तर एक-दोन दिवस येतो, मलाही आला होता, रूममेटने पेज करून दिली. तरी शंका असेल तर आशाताई इथेच बसल्या आहेत, सभेनंतर बाजूला घेऊन विचारा. मोठ्याने विचारायची गरज नाही.

आता गटाचं. मी प्रत्येक गटाच्या रजिस्टरमध्ये मागची काही पानं रिकामी ठेवायला सांगितली होती. त्यात प्रत्येकीच्या नावाचं एक पान करूया. सीझनमध्ये काय काम केलं, कोणाकडे, किती दिवस, किती मिळाले. खानावळ असेल तर किती ताटं. रोज नको, दर बैठकीला आठवून. घरच्या धंद्यात मजुरी मिळत नाही, तिथे दिवस लिहा, पैशाच्या रकान्यात शून्य लिहा. शून्य लिहायला लाजू नका. काही जणींच्या घरी यावरून बोलणं होईल, हे मला माहीत आहे. ते बोलणं कसं करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी काय सांगणार.

आणि एक ठराव घ्यावा असं मला वाटतं. पुन्हा बंद पडलं, रोगाने नाहीतर वादळाने, तर गटाची बचत किती दिवस ऐच्छिक राहील, अंतर्गत कर्जाचं व्याज थांबेल का, आणि बँकेत हप्ता लांबवायचा अर्ज कोण घेऊन जाईल, हे आधीच लिहून ठेवायचं. बंद पडल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा भीती असते आणि लाज असते. "माका लाज वाटता" हे वाक्य मी या दीड वर्षात जितकं ऐकलंय तितकं "माका भूक लागली" हे सुद्धा ऐकलं नाही. काही अध्यक्षताईंचं म्हणणं आहे की अशी सूट लिहून ठेवली तर बायका कारण नसताना हप्ता चुकवतील. हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, एक-दोन ठिकाणी होईलही. म्हणून सूट कधी सुरू होईल ते गटाने बैठकीत ठरवायचं, एकटीने नाही. आणि बैठकच बंद असेल तर? त्यासाठी मी सुचवते की वाडीप्रमाणे तीन-तीनजणींची नावं आत्ताच ठरवा. तिघी अंगणात लांब उभ्या राहून बोलू शकतात, तेवढं कुठल्याच लॉकडाऊनमध्ये अडलं नव्हतं. आपल्या विहिरींवर तेच चालू होतं.

त्या ताईंच्या कुड्या अजून सुटलेल्या नाहीत. त्यांच्या गटाने मागच्या आठवड्यात अंतर्गत कर्जातून पैसे द्यायचं ठरवलं आहे, कमी व्याजाने. मी त्यात काही केलं नाही, गटानेच केलं. दिवाळीपर्यंत सुटतील असं त्या म्हणतात. मालकाने दर वाढवला नाही तर.

ई-श्रमसाठी बुधवारी सकाळी दहाला मी सीएससी केंद्रावर असेन. आधार, मोबाईल, पासबुक. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आजच सांगा, त्याला आधी वेगळं काम आहे. नवऱ्याचा मोबाईल आधारला जोडलेला असेल तर त्या दिवशी तो मोबाईल घरातून घेऊन या, ओटीपी त्यावर येतो, आणि तो समुद्रावर गेला की आपण ओटीपीची वाट बघत बसतो.

सचिवताईंनी रजिस्टर काढा. पहिलं पान आत्ता इथेच लिहू, म्हणजे कसं लिहायचं ते सगळ्यांना कळेल. काकी, तुमच्यापासून सुरू करू. गेल्या नोव्हेंबरात किती ताटं केलीत, आठवतं का?